दार्जिलिंग चहा : उगम, बहर आणि करण्याची रीत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आपल्याकडे बहुतेक घरांत चहा म्हणजे दूध, साखर, आले आणि दोन-तीन खळखळून उकळ्या. या रीतीत वाढलेल्या माणसाच्या हाती कोणी दार्जिलिंगचे पाकीट ठेवले, की तो चहाही त्याच पातेल्यात जातो आणि घरचे म्हणतात, "एवढा महागाचा चहा, पण रंगही नाही आणि कडकपणाही नाही." पुढील प्रश्न अशाच अनुभवांतून वारंवार पुढे येतात. या चहाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर त्याची पाने वर्षाच्या कोणत्या काळात खुडली आहेत ते आधी पाहावे आणि मगच पाणी, वेळ व दूध यांचा निर्णय करावा.

दार्जिलिंग चहा नेमका कशाला म्हणायचे?

पश्चिम बंगालच्या उत्तर टोकाला, दार्जिलिंग आणि कालिम्पाँग जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात साधारण ६०० ते २,००० मीटर उंचीवर नोंदणीकृत ८७ मळे आहेत. त्या मळ्यांत पिकलेल्या आणि त्याच भागातल्या कारखान्यांत तयार झालेल्या चहालाच हे नाव लावता येते. डोंगर उतरून सिलिगुडीकडे आले की तराईचा सपाट प्रदेश लागतो. तिथेही चहा भरपूर पिकतो आणि त्यातला बराचसा त्याच जिल्ह्याच्या हद्दीत असतो, परंतु तो दार्जिलिंग चहा नव्हे. भारतात भौगोलिक निर्देशांकाचा, म्हणजे ठरावीक प्रदेशाचे नाव तिथल्याच मालासाठी राखून ठेवणारा, कायदा लागू झाल्यावर त्याच्या यादीत पहिली नोंद दार्जिलिंग चहाचीच झाली, ती २००४-०५ साली. युरोपीय संघानेही २०११ मध्ये या नावाला संरक्षण दिले.

या डोंगरात चहा आला कसा?

तो मुळचा तिथला नाही. १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजाकडून दार्जिलिंगचा डोंगराळ भाग ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना हवापालटासाठी थंड हवेचे ठिकाण वसवणे हा त्यामागचा हेतू होता. तिथला कारभार पाहण्यासाठी नेमलेले डॉक्टर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी १८४१ च्या सुमारास कुमाऊंतून आलेले चिनी चहाचे बी आपल्या बंगल्याच्या आवारात लावले. ते रुजले आणि १८४७ मध्ये सरकारने रोपवाटिका सुरू केल्या. त्याच सुमारास कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिशास्त्रज्ञाला चीनमध्ये पाठवून तिथली हजारो रोपे, बी आणि चहा बनवणारे कसबी कारागीर हिमालयाच्या पायथ्याशी आणवले. त्यांतला मोठा भाग कुमाऊं-गढवालकडे गेला, पण दार्जिलिंगच्या लागवडीलाही या खटपटीचा आधार मिळाला.

१८५६ मध्ये आलूबारी येथे व्यापारी तत्त्वावर मळा सुरू झाला आणि त्यानंतरची वाढ थक्क करणारी होती : १८६६ मध्ये ३९ मळे, तर १८७४ मध्ये ११३. जंगल तोडून उतारावर पायऱ्या करणे, रोपे लावणे आणि पाने खुडणे हे सारे श्रम नेपाळच्या डोंगरातून आलेल्या कुटुंबांनी केले. आज मळ्यांत राहणारी बहुसंख्य नेपाळीभाषक वस्ती ही त्यांचीच पुढची पिढी आहे. १८८१ मध्ये सिलिगुडीहून दार्जिलिंगपर्यंत दोन फूट रुंदीच्या रुळमार्गाची रेल्वे पोहोचली आणि बैलगाडीने उतरणाऱ्या पेट्या आगगाडीने उतरू लागल्या.

आसामचा चहाही काळाच असतो, मग फरक कशाचा?

काळा चहा म्हणजे बिनदुधाचा नव्हे, तर वळलेले पान हवेत तांबूस होऊ देऊन मग भाजलेला चहा. त्यातला फरक आधी झाडाचा, मग हवेचा आणि शेवटी यंत्राचा. आसामच्या खोऱ्यात तिथल्याच मोठ्या पानांच्या जातीचा चहा लावला गेला. तो उष्ण, दमट हवेत झपाट्याने वाढतो आणि त्याच्या पेल्याला गडद रंग व दणकट चव येते. दार्जिलिंगची जुनी झुडपे मात्र बारीक पानांच्या चिनी जातीची आहेत. ती थंडी सोसतात पण सावकाश वाढतात, आणि धुके, थंड रात्री, आम्लधर्मी माती व तीव्र उतार अशा परिस्थितीत त्यांच्या कोवळ्या पानांत सुगंधी द्रव्ये अधिक साठतात. आता अनेक मळ्यांत एव्ही-२ किंवा पी-३१२ असे निवडक वाणही दिसतात, आणि त्यांचा फुलांसारखा गंध चिनी झुडपांच्या गंधापेक्षा उघड व ठसठशीत असतो. मला स्वतःला जुन्या चिनी झुडपांचा चहा अधिक समाधान देतो, कारण त्याची चव पेला थोडा निवल्यावर उलगडत जाते.

यंत्राचा फरकही मोठा आहे. आपण रोज वापरतो तो बारीक गोळीदार चहा पान चिरून, फाडून आणि गोल वळवून केलेला असतो. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दुधात उकळण्यासाठी तो चहा अगदी योग्य आहे, आणि आले-वेलदोड्याच्या चहाला त्याच्याइतका चांगला दुसरा आधार नाही. दार्जिलिंगमध्ये मात्र पान जुन्या पद्धतीने हलके वळले जाते व शक्य तितके अखंड राहते, म्हणून ते पाण्यात आपला रस सावकाश सोडते.

बहर म्हणजे काय, आणि कोणत्या बहराचा चहा घ्यावा?

संत्र्याच्या बागा पाहिलेल्या विदर्भातल्या वाचकाला आंबिया आणि मृग या दोन बहरांच्या फळांतला फरक सांगावा लागत नाही. चहाचेही तसेच आहे, फक्त इथे बहर फुलांचा नसून कोवळ्या पालवीचा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी झुडपे विसावलेली असतात आणि त्याच काळात छाटणी होते. त्यानंतर वर्षभरात चार काळ येतात, आणि त्यांचे चहा इतके वेगळे असतात की एकाच मळ्याचे आहेत यावर विश्वास बसू नये.

पहिला बहर फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. हिवाळाभर साठवलेली शक्ती घेऊन फुटलेली ही पालवी अतिशय नाजूक असते. पेला फिकट सोनेरी, गंध ताज्या फुलांचा आणि कापलेल्या गवताच्या जवळ जाणारा, आणि जिभेवर एक स्वच्छ, चुरचुरीत तुरटपणा. जर्मनी आणि जपानमध्ये या चहाला फार मान आहे. ज्याला कडक चहाची सवय आहे, त्याला मात्र तो पहिल्या घोटात पाण्यासारखा वाटेल.

दुसरा बहर मे-जूनचा. उन्हाळ्याने पान थोडे जाड झालेले असते, पेल्याचा रंग तांबूस-केशरी होतो, चवीला गोलाई येते आणि चांगल्या वर्षी तो प्रसिद्ध मस्कटेल गंध उतरतो. मराठी घरातल्या माणसाने दार्जिलिंगची ओळख करून घ्यायची असेल तर ती दुसऱ्या बहरापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात रंग आणि भरीवपणा असल्यामुळे 'चहा प्यायलो' असे वाटते, आणि दार्जिलिंगचे वैशिष्ट्यही पूर्ण हाती लागते.

जुलै ते सप्टेंबर पावसाळी पीक येते. पाऊस प्रचंड असतो, पालवी भराभर वाढते आणि पानातला सुगंध विरळ होतो. हा चहा स्वस्त असतो, पेल्यात गडद उतरतो आणि मुख्यतः मिश्रणांत व पुड्यांच्या चहात जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला शरदातला चहा थोडा असतो. त्याचा रंग तांब्यासारखा, चव मवाळ व गोडसर आणि तुरटपणा कमी असतो. पहिल्या दोन बहरांच्या मानाने त्याची किंमत बरीच आवाक्यातली असते, म्हणून रोजच्या कोऱ्या चहासाठी हाच घ्यावा.

मस्कटेल गंध म्हणजे काय, आणि तो येतो कुठून?

मस्कट नावाच्या द्राक्षांच्या जातीला फुलांचा व मधाचा भास देणारा एक वास असतो, त्यावरून हे नाव पडले. आपल्या बाजारात मिळणाऱ्या थॉमसन जातीच्या द्राक्षांना तो नसतो. म्हणून हा गंध शोधताना रोजची हिरवी द्राक्षे डोळ्यांसमोर न आणता काळा मनुका, पिकलेले फळ आणि किंचित मध यांच्या आसपास काही मिळते का, ते पाहावे.

त्याचा उगम विलक्षण आहे. कापसाच्या शेतकऱ्याला नकोसे असलेले तुडतुडे आणि फुलकिडे चहावरही येतात आणि उन्हाळ्यात कोवळ्या पानांतला रस शोषतात. पानाच्या कडा करपल्यासारख्या होतात, वाढ खुंटते आणि झुडूप आपल्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्ये तयार करते. हीच द्रव्ये पुढे कारखान्यातल्या प्रक्रियेत खुलून मस्कटेल गंध देतात. तैवानमधला एक नामांकित ऊलाँगही (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) याच कारणाने सुगंधी होतो. कीड जास्त झाली तर पीकच जाते आणि मुळीच झाली नाही तर गंध येत नाही. त्यामुळे हा गंध दरवर्षी सारखा मिळेल अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि पाकिटावर तसे छापलेले असले तरी खात्री पेल्यातच करावी.

पहिल्या बहराचे पान हिरवट दिसते. तो खरोखर काळा चहा आहे का?

बाजारात तो काळा चहा म्हणूनच विकला जातो, पण शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर कारखान्यात मिळते.

खुडलेली पाने त्याच दिवशी जाळीदार तळाच्या लांब हौदांत पसरतात व खालून वारा सोडतात. चौदा ते अठरा तास, म्हणजे बहुधा रात्रभर, ती कोमेजत राहतात. पहिल्या बहरात हे कोमेजवणे फार पुढपर्यंत नेले जाते, इतके की पानातले निम्म्याहून अधिक पाणी निघून जाते. पहाटे जाणता माणूस मूठभर पाने हातात घेऊन दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला आणि देठ न मोडता वाकला, तर पान वळायला तयार. मग पितळी उंचवटे असलेल्या गोल यंत्रात पाने वळली जातात, त्यांच्या पेशी फुटतात आणि आतला रस हवेशी संयोग पावून तांबूस होऊ लागतो. हा संयोग कुठे थांबवायचा हे घड्याळापेक्षा नाकाने ठरते : हिरव्या पाल्याचा वास जाऊन फुला-फळांचा वास वर येतो, त्या क्षणी पाने गरम हवेच्या यंत्रात भाजायला टाकतात. शेवटी पानात दोन-तीन टक्के ओल उरते.

आता हिरवटपणाचे कारण. फार कोमेजलेल्या पानात पाणीच कमी उरल्याने ते पूर्ण तांबूस होऊ शकत नाही. म्हणून पहिल्या बहराच्या पानांत हिरवी, करडी व चंदेरी छटा एकत्र दिसते. तो कच्चा राहिलेला किंवा भेसळीचा माल नव्हे.

पाकिटावरच्या लांबलचक अक्षरांचा अर्थ काय?

'एफटीजीएफओपी-१' किंवा 'एसएफटीजीएफओपी-१' ही अक्षरे पान अखंड आहे आणि त्यात कळ्या भरपूर आहेत एवढेच सांगतात. तुटलेल्या पानाची, कणीची आणि भुकटीची चिन्हे वेगळी असतात. सर्वांत लांब चिन्ह असलेला जुना चहा एखाद्या ताज्या, साध्या चहापुढे फिका पडू शकतो. मळ्याचे नाव, वर्ष आणि बहर या तीन गोष्टी अक्षरांपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

घरी हा चहा कसा करावा?

एका पेल्याला, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर पाण्याला, अडीच ग्रॅम चहा घ्यावा. अखंड पान हलके व फुगीर असते, त्यामुळे रोजच्या गोळीदार चहाइतकाच चमचा घेतला तर वजनाने तो कमी भरतो. चहाचा चमचा शिगोशीग भरून घ्यावा, आणि पान फारच मोठे असेल तर दीड चमचा. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर पहिल्या काही वेळा वापरावा, मग हाताला अंदाज येतो.

चिनी मातीची किंवा काचेची झाकणाची किटली गरम पाण्याने विसळून घ्यावी. आधण चांगले उकळले की गॅस बंद करावा. पहिल्या बहरासाठी पाणी ८५ ते ९० अंशांवर हवे, म्हणून झाकण काढून दीड-दोन मिनिटे थांबावे. दुसऱ्या बहरासाठी अर्धा-एक मिनीट पुरते. शरदातल्या चहावर उकळीचे पाणी थेट ओतले तरी चालते. मग पाने किटलीत घालून वरून पाणी ओतावे, झाकण लावावे आणि चहा मुरू द्यावा : पहिला बहर अडीच ते तीन मिनिटे, दुसरा तीन ते चार, शरदातला चार. वेळ झाली की सगळा चहा दुसऱ्या भांड्यात किंवा पेल्यांत गाळून घ्यावा. पाने पाण्यात तशीच राहिली तर तुरटपणा उतरतच राहतो आणि दुसरा पेला पिववत नाही.

झाकणाचा आग्रह यासाठी, की या चहाचे सारे मोल वाफेबरोबर उडून जाणाऱ्या द्रव्यांत आहे. पातेल्यात उकळताना ती स्वयंपाकघरभर दरवळतात आणि पेल्यात फक्त कडवटपणा उरतो. चिमट्यासारखी मिटणारी छोटी गोल जाळी वापरू नये, कारण पानाला उलगडायला जागा लागते. मुरलेले पान गाळणीत बोटाने सरळ करून पाहावे : दोन कोवळी पाने आणि मधली कळी एकाच देठावर ओळखू आली, तर खुडणी नीट झाली होती असे समजावे.

चहा-परीक्षक मात्र याच्या अगदी उलट वागतात. उकळते पाणी आणि पाच-सहा मिनिटे मुरवणे ही त्यांची रीत दोष उघडे पाडण्यासाठी आहे. घरी तिचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

पाण्याने किती फरक पडतो?

पुष्कळ. बोअरच्या जड पाण्यात चहा गढूळ दिसतो, वर तेलकट साय धरते आणि सुगंध दबतो. मराठवाड्यात व विदर्भात अनेक ठिकाणी हीच अडचण येते. धरणाचे, गाळलेले मऊ पाणी सर्वांत चांगले. यंत्राने सगळेच क्षार काढून टाकलेल्या पाण्यात चहा सपक लागतो, तेव्हा त्यात थोडे नळाचे पाणी मिसळून पाहावे. पाणी एकदाच उकळावे, सकाळचे उकळलेले पुन्हा तापवू नये.

उंचीचाही संबंध आहे. दार्जिलिंग शहर सुमारे २,००० मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणजे तिथले उकळते पाणी मुंबईच्या उकळत्या पाण्यापेक्षा मुळातच सौम्य. महाबळेश्वरला ते साधारण ९५ अंशांवर उकळते, तेव्हा तिथे दुसऱ्या बहरासाठी थांबायची गरज नाही.

दूध, साखर, आले घालावे का?

पहिल्या बहरात दूध घालू नये. दुधातली प्रथिने चहातल्या तुरट द्रव्यांना बांधून घेतात, आणि या चहाचा चुरचुरीतपणा त्या द्रव्यांतच असल्यामुळे दुधाने सगळेच नाहीसे होते. दुसऱ्या बहरात चमचाभर दूध काही लोक घालतात, पण आधी कोरा चाखून मग ठरवावे. पावसाळी पिकात दूध खुशाल घालावे. थोडी साखर कोणत्याही बहराला मारक नाही. आले, गवती चहा आणि वेलदोडा मात्र गोळीदार चहासाठी राखून ठेवावेत. त्यांच्या वासापुढे दार्जिलिंग टिकत नाही, आणि त्यासाठी एवढे पैसे मोजणे व्यर्थ आहे.

त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी घालता येते का?

अखंड पानावर एकदा घालता येते. वेळ मिनीटभर वाढवावी आणि पहिल्या पेल्याइतक्या गंधाची अपेक्षा ठेवू नये.

हा चहा इतका महाग का?

एक किलो तयार चहाला चार-साडेचार किलो ओली पालवी लागते, आणि ती तीव्र उतारावर उभे राहून एकेक करून हाताने खुडावी लागते. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. झुडपे अनेक मळ्यांत शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि हेक्टरी उत्पादन आसामच्या मानाने फार कमी आहे. भारतात वर्षाला सुमारे १३० कोटी किलो चहा होतो. त्यात अलीकडे दार्जिलिंगचा वाटा साठ-सत्तर लाख किलो किंवा त्याहूनही कमी, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या घरात आहे. २०१७ मध्ये स्वतंत्र गोरखालँड राज्याच्या मागणीसाठी १०४ दिवसांचा बंद झाला, दुसरा बहर झाडावरच राहिला आणि त्या वर्षीचे उत्पादन निम्म्याहूनही खाली आले. तुटलेले ग्राहक सगळे परत आले नाहीत. त्यात हिवाळ्यातला पाऊस हुकणे आणि पावसाळ्यात उतार खचणे ही संकटे वाढली आहेत.

किमतीतला फार थोडा भाग खुडणाऱ्या हातांपर्यंत पोहोचतो, हेही सांगितले पाहिजे. २०२३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या चहामळ्यांतली रोजची मजुरी वाढवून २५० रुपये करण्यात आली. मळ्यांतल्या कामगारांना घर आणि औषधपाणी पुरवण्याची जबाबदारी १९५१ च्या कायद्याने मालकांवर टाकली होती, पण बंद पडलेल्या आणि रखडत चाललेल्या मळ्यांत तीही नीट पाळली जात नाही. दुर्मीळ चहाचे गोडवे गाताना हा हिशेब बाजूला ठेवणे मला योग्य वाटत नाही.

खरा दार्जिलिंग कसा ओळखावा?

दोन पाने व कळी धरलेल्या स्त्रीची मुद्रा असलेले चहा मंडळाचे गोल बोधचिन्ह, मळ्याचे नाव आणि खुडणीचे वर्ष पाकिटावर शोधावे. सीमेपलीकडच्या नेपाळमधल्या इलाममध्येही त्याच डोंगररांगांत, तशाच झुडपांचा चहा होतो. तो स्वस्त असल्याने दार्जिलिंगच्या नावाखाली विकला जातो, अशी मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे. इलामचा चांगला चहा स्वतःच्या नावाने घ्यायला काहीच हरकत नाही. गैर आहे ते नाव बदलून विकणे. नुसते 'दार्जिलिंग मिश्रण' असे लिहिलेल्या स्वस्त डब्यात दार्जिलिंगचा वाटा किती, हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

चहा किती दिवस टिकतो आणि कसा ठेवावा?

पहिल्या बहराचा चहा सहा-आठ महिन्यांत संपवावा, कारण त्याचा ताजेपणा लवकर ओसरतो. दुसऱ्या बहराचा आणि शरदातला चहा वर्ष-दीड वर्ष चांगला राहतो. घट्ट झाकणाच्या, प्रकाश न शिरणाऱ्या पत्र्याच्या डब्यात, शेगडीपासून आणि मसाल्याच्या डब्यापासून दूर ठेवावा. चहा शेजारचा वास पटकन ओढून घेतो, आणि गोड्या मसाल्याचा वास लागलेला चहा पुन्हा सुधारत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण डबा आत-बाहेर करताना पानांवर ओल धरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यापुरता मोठा डबा बंद ठेवून आठवड्यापुरता चहा लहान बरणीत काढावा. म्हणून एकदम पाव किलो घेण्याऐवजी पन्नास-पन्नास ग्रॅमची पाकिटे घ्यावीत, म्हणजे वेगवेगळ्या बहरांची चवही शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते.